सोलापूर ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानाला तास किती?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त गणित शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी ऑगस्टमध्ये एम.एस.साठी न्यू जर्सीला चालली आहे. एका ठिकाणी सोलापूर–न्यूयॉर्क अंतर १२,८०० किलोमीटर दिसलं, दुसरीकडे मुंबईहून १२,५००. विमानाचा वेग ताशी ९०० धरून त्यांनी भागाकार केला तर चौदा तास आले. तिकिटावर मात्र जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास. आणि सुटायची-पोचायची वेळ बघितली तर मुलगी साडेसहा तासांतच पोचणार असं वाटतं! यातलं खरं काय मानायचं, आणि दुबईमार्गे गेल्यास किती लांब पडतं, असं त्यांनी विचारलंय.

सर, तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत. घोळ एवढाच की प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि तुम्ही ते एका ओळीत मांडलेत. मी बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या डिस्पॅच खात्यात होते. विमान सुटण्याआधी मार्ग, वारा, इंधन, पर्यायी विमानतळ यांचा हिशेब मांडून तो कागद कॅप्टनच्या हातात द्यायचा, हे आमचं काम. आता सोलापुरात तिकिटांचं बघते. त्यामुळे कागदावरचं विमानही माहीत आहे आणि पहाटे बॅगा घेऊन स्टेशनवर उभं राहिलेलं कुटुंबही.

आधी अंतर. इंटरनेटवर जे हवाई अंतर दिसतं ते ग्रेट सर्कलचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट. तुम्ही गणिताचे, तेव्हा स्वतःच काढून बघा. सोलापूर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४९.६९ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करून त्यात मिळवा. उत्तर ऋण येईल, घाबरू नका, ठिकाणं नव्वद अंशांपेक्षा लांब आहेत एवढाच त्याचा अर्थ. त्याचा व्यस्त कोसाइन काढला की ११५ अंशांच्या थोडं वर येतं. एका अंशाचे १११.२ किलोमीटर. झाले तुमचे १२,८००. मुंबईसाठी हेच केलंत तर १२,५३० च्या आसपास येईल.

आता बघा, सोलापूर ते मुंबई सरळ रेषेत ३६० किलोमीटर आहे, पण दोन उत्तरांतला फरक २८०च येतो. कारण मुंबई न्यूयॉर्कच्या वाटेवर बरोबर येत नाही, जरा बाजूला पडते.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर टॉवेलच्या काठाचा एक लांब धागा ओढून घ्या. सोलापुरात त्याला काही तोटा नाही. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि धागा ताणून धरा. तो अरबी समुद्राकडे जाणारच नाही. मुंबईतून निघतो तो जवळजवळ उत्तरेकडेच, किंचित पश्चिमेला झुकून. सौराष्ट्र-कच्छ, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, सेंट पीटर्सबर्गच्या थोडं दक्षिणेकडून स्वीडन-नॉर्वे, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा आणि मग खाली न्यूयॉर्क. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर ही वाट उगीच उत्तरेला वळसा घेतल्यासारखी दिसते, कारण त्या नकाशात ध्रुवांकडचा प्रदेश ताणलेला असतो. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

म्हणजे १२,५३० हा धाग्याचा आकडा. विमान या धाग्यावरून जातंच असं नाही, आणि आजकाल तर नाहीच. आकाशालाही सरहद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारताने त्यांच्या विमानांना केलं, आणि ही मुदत पुढे महिन्या-महिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. अफगाणिस्तानावरून जायचं की नाही, इराण-इराकच्या बाजूला त्या आठवड्यात काय चाललंय, हेही रोज बघावं लागतं. त्यामुळे एकाच दिवशी एकाच शहराकडे निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. यात आपल्यासाठी एक सोयीची गोष्ट आहे. पाकिस्तान बंद असताना दिल्लीहून सुटणाऱ्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊन मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबईचं विमान तसंच समुद्रावरून ओमानच्या बाजूला निघतं. म्हणून अशा काळात कुणी "दिल्लीहून स्वस्त मिळतंय" म्हणालं, की मी आधी एकूण तास मोजायला सांगते.

आता वेग. तुम्ही घेतलेला ९०० हा आकडा विमानाचा हवेतला वेग आहे. ७८७ किंवा ७७७ सारखी लांब पल्ल्याची विमानं साधारण तेवढ्याच वेगाने हवा कापतात. पण ती हवा स्वतः जागेवर उभी नसते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मधल्या अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. त्याचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात त्याहून जास्त. तुम्ही मुलांना नावेची गणितं घातली असतील, प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या विरुद्ध. हे तेच गणित, फक्त नदी आकाशात आहे.

डिस्पॅचच्या कागदावर सगळ्या मार्गाची वाऱ्याची सरासरी एका ओळीत छापलेली असते. एम ०४५ म्हणजे सरासरी ४५ नॉट (ताशी सुमारे ८३ किलोमीटर) वारा तोंडावर, पी ०४५ म्हणजे तेवढाच पाठीवर. एम म्हणजे मायनस, पी म्हणजे प्लस. कागद हातात आला की वैमानिकांची नजर बऱ्याचदा आधी तिकडे जाते, कारण इंधन किती लागणार याचा अंदाज तिथेच येतो. तुमच्या मार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटर वारा धरू. जाताना १२,५०० भागिले ८४०, म्हणजे चौदा तास त्रेपन्न मिनिटं. येताना १२,५०० भागिले ९६०, तेरा तास एक मिनिट. वारा नसता तर दोन्हीकडे तेरा तास त्रेपन्न मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना एक तास गमावला, येताना बावन्न मिनिटंच परत मिळाली. वाऱ्याशी केलेल्या व्यवहारात आपण नेहमी थोडे खोटीतच असतो, आणि का ते तुम्हाला मी सांगायला नको.

वारा किती खेळ करतो याची दोन उदाहरणं देते. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या मार्गाला साडेसहा-सात तास लागतात. अटलांटिकवर वादळ होतं आणि जेट स्ट्रीम पाठीवर. जमिनीच्या हिशेबाने विमान ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेलं, तरी आवाजाच्या वेगाची मर्यादा त्याने ओलांडली नव्हती, कारण ज्या हवेतून ते चाललं होतं ती हवाच धावत होती. दुसरं उदाहरण आपल्याकडचं आणि जास्त गमतीचं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३००. चौदाशे किलोमीटर वाढले आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला! आम्हा डिस्पॅचवाल्यांना हे उदाहरण फार आवडतं, कारण किलोमीटर मोजणाऱ्या माणसाला गप्प करायला ते एकटं पुरतं.

काही जण विचारतात की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे यायला हवं ना? नाही येत. वातावरणही पृथ्वीबरोबर फिरतं आणि विमान त्या वातावरणात असतं.

मग तिकिटावरचे सोळा तास कुठून आले? वेळापत्रकातला वेळ हा ब्लॉक टाइम असतो. चाकांपुढचे अडसर, म्हणजे चॉक, काढून विमान गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि तिकडे गेटवर चॉक लागले की बंद. मुंबईत धावपट्टीपर्यंत जायला आणि रांगेत थांबायला वेळ जातो, जेएफकेला उतरल्यावर तर कधी कधी वीस-पंचवीस मिनिटं विमान जमिनीवरच चालत राहतं. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला मर्यादा असते. वर चढताना आणि खाली येताना तुमचे ९०० कुठेच नसतात. शिवाय कंपन्या थोडा वेळ राखूनही ठेवतात, कारण वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते विमान वेळेवर आलं असं धरलं जातं. तेव्हा वाऱ्यासकट पंधरा, वळशाचा अर्धा, जमिनीवरचा आणि चढ-उताराचा अर्धा, असे सोळा होतात. येताना तेरा, वळसा, जमीन आणि थोडी राखीव वेळ धरून साडेचौदा. ऑगस्टमध्ये वारा त्यातल्या त्यात मवाळ असतो, म्हणून जाताना विमान वेळेआधी पोचलं तर नवल वाटून घेऊ नका.

हा जमिनीवरचा वरखर्च जवळच्या अंतराला जास्त जाणवतो. सोलापूर–मुंबई ३६० किलोमीटर. छोटं जेट ताशी ८०० ने गेलं तर सत्तावीस मिनिटं यायला हवीत, पण वेळापत्रकात तासाच्या आसपास दिसतो. सोलापूर–गोवा त्याहून कमी, तिथल्या मोपा विमानतळापर्यंत सुमारे ३०५ किलोमीटर, आणि तिथे पंख्याचं एटीआर. तेही साधारण तासाचंच गणित. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. मग येणाऱ्या विमानाला वर घिरट्या घालाव्या लागतात.

साडेसहा तासांचं कोडं सगळ्यात सोपं आहे. तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या गावाची. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. पहाटे दोनला मुंबईहून निघालं, सोळा तास उडालं, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे सहा. तिथे सकाळचे साडेआठ. येताना उलट होतं. तिथून दुपारी बाराला निघालं, साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजलेले असतात आणि प्रवास चोवीस तासांचा वाटतो. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. दुबईचंही तसंच. मुंबईहून सव्वातीन तास, पण दीड तासाच्या फरकामुळे कागदावर पावणेदोनच दिसतात.

आता दुबईमार्गे. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२०. बेरीज १२,९५०. म्हणजे थेट अंतरापेक्षा चारशेच जास्त. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७४०. फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढेच. धागा युरोपाच्या डोक्यावरूनच जातो ना, म्हणून. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे कापडाचं प्रदर्शन भरतं, तेव्हा आपले टॉवेलवाले नमुने घेऊन जातात. त्यांतले काही तिथूनच पुढे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे जाऊन येतात आणि त्यांना ते वाकडं पडत नाही. (तेव्हाच इकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि रेल्वेचं तिकीट मिळत नाही, ते दुखणं वेगळं.) तेव्हा मधला थांबा किती किलोमीटरने वाढवतो हे बघण्यात अर्थ नाही. तो किती तासांचा आहे ते बघा. अडीच ते चार तासांचा थांबा मला बरा वाटतो. दीड तासाचा स्वस्त पडला तरी पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या मुलीसाठी मी घेणार नाही, आणि अकरा तासांचा तर कुणासाठीच नाही. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं लेट झालं तरी पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात राहतं.

खरा प्रश्न मात्र सोलापूर ते मुंबईचा आहे, आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत! सरळ रेषेत ३६०, रस्त्याने सुमारे ४००, रेल्वेने ४५५ किलोमीटर. गाडी दौंड-पुणे-कर्जत करत जाते म्हणून. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. पहाटे सहाच्या सुमाराला सुटते आणि साडेसहा तासांत सीएसएमटी. तुम्ही दादरला उतरा, तिथून विमानतळ जवळ पडतो. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी पोचवते, पण अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची. मग अख्खा दिवस मुंबईत काढावा लागतो. ज्यांचं मुंबईत हक्काचं कुणी आहे त्यांनी सिद्धेश्वर घ्यावी. बाकीच्यांनी वंदे भारत किंवा दुपारी बाराच्या आत स्वतःची गाडी.

होटगी रोडच्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं विमानही सुरू झालं. २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हापासून सोलापूरकर ज्याची वाट बघत होते ते हेच. पण अमेरिकेच्या विमानाला जोडायचं तर दोन गोष्टी तपासा. ते विमान त्या वाराला आहे का, आणि मधे निदान सहा तास आहेत का. दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर सोलापूरचं विमान रद्द झाल्यावर न्यूयॉर्कचं तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसेही सहज परत मिळत नाहीत. सोलापूरच्या विमानात बॅगेच्या वजनाची मर्यादाही वेगळी असते, आणि एम.एस.ला निघालेल्या मुलीकडे तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा हमखास असतात. शेंगाचटणी धरून. म्हणून आज मला विचाराल तर जायला रेल्वे किंवा गाडी, आणि विमान आईवडिलांना परत यायला.

ऑगस्ट म्हणजे घाटातला पाऊस. खंडाळ्यात दरड आली तर रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडकतात, त्यामुळे मी एरवीपेक्षा चार तास जास्त धरते. जुलैत निघणाऱ्यांनी पालखीचा मार्गही बघून घ्यावा, यवतपासून इंदापूरपर्यंत वाहतूक कधी वळवतील सांगता येत नाही.

तिकिटावर विमानतळाचं नावही नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. बीओएम म्हणजे अंधेरीजवळचा जुना, एनएमआय म्हणजे पनवेलजवळचा नवा. पुण्याकडून गाडीने येणाऱ्याला नवा आधी लागतो. पण विमान जुन्यावरून असेल तर पनवेलला पोचून काय उपयोग, पुढे मुंबईची गर्दी आहेच.

आता तारीख. समजा तिकिटावर १८ ऑगस्ट, ००:४० लिहिलंय. हे १७ तारखेच्या रात्रीचे बारा चाळीस. म्हणजे सोलापुरातून १७ ला सकाळी निघायचं. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने १८ च्या वंदे भारतची पाच तिकिटं आधीच काढून ठेवली होती. ते दारात आले तेव्हा विमानाला आठवडा होता म्हणून निभावलं. रात्री बारा ते तीनमधलं विमान असलं की कॅलेंडरवर आदल्या तारखेला गोल करा आणि तिथे "निघणे" असं लिहा.

सगळं मिळून जुळे सोलापुरातल्या तुमच्या दारापासून न्यू जर्सीतल्या तिच्या खोलीपर्यंत तीस ते चौतीस तास धरा. त्यात हवेतले पंधरा. उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची गर्दी असते, दीड-दोन तास सहज जातात, त्यामुळे विमान उतरल्यावर लगेच फोन आला नाही म्हणून काळजी करू नका. आणि डिसेंबरच्या सुट्टीत ती परत येणार असेल तर साडेनऊचा हिशेब तेव्हा लागू नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेदहा होतो. तिला आणायला जायची वेळ तेव्हाच्या तिकिटावर मुंबईची म्हणून जी लिहिलेली असेल तीच धरा.